हॉकीची पंढरी कोणाची? एका घोषवाक्याचा वाद आणि त्याचा इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आज बोलायचं आहे ते एका हॉकी संघाच्या जाहिरातीतल्या एका शब्दावर. पण थोडा धीर धरा. घोषवाक्यावरून क्रीडाप्रेमी माणसं जेव्हा हमरीतुमरीवर येतात, तेव्हा त्या भांडणात काही फार जुने आणि फार गंभीर प्रश्न दडलेले असतात. गाव कोणाचं? नाव कोणी ठेवायचं? आणि ‘आपण’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाला? हे प्रश्न ग्रंथांतून मांडले की कोणी ऐकत नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र लोक याच प्रश्नांवर तावातावाने बोलत असतात, फक्त ते या नावाने बोलत नाहीत.

आधी एक खुलासा. हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, गवताचं मैदान आठवतं. आजची हॉकी ती नव्हे. ही बर्फावरची. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की हीच. आपल्या हॉकीला तिथे ‘फील्ड हॉकी’ म्हणावं लागतं. इथे चेंडू नाही, रबराची चपटी चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. सर्वात मोठा करंडक म्हणजे स्टॅनले कप. कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी १८९२ साली तो दिला. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

आता मराठीतले दोन शब्द घेऊ, कारण पुढे त्यांचा उपयोग होणार आहे. ‘बिरुद’ आणि ‘ब्रीद’. मूळ एकच, पण भाषेत चालता चालता त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बिरुद लोक देतात, आपण ते मिरवतो. ब्रीद आपण स्वतःहून घेतो आणि मग ते पाळावं लागतं. पुण्याला कोणी तरी ‘विद्येचे माहेरघर’ म्हटलं, कोल्हापूरला ‘कुस्तीची पंढरी’ म्हटलं, ही बिरुदं. कोणी दिली, कधी दिली, सांगता येत नाही. ती लोकांच्या तोंडी रुळली. ‘मी शब्द मोडणार नाही’ हे ब्रीद. जाहिरातीतलं घोषवाक्य हा तिसराच प्रकार. ते बिरुदासारखं दिसतं, ब्रीदासारखं वाजतं, आणि बनलेलं असतं तिकिटं खपावीत म्हणून. वाद सुरू होतो तो नेमका इथून.

आपलं उदाहरण आहे अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराचा संघ, रेड विंग्ज. १९९६ साली या संघाने एक शब्द बाजारात आणला: ‘हॉकीटाउन’. म्हणजे हॉकीचं गाव. मराठीत आणायचंच तर ‘हॉकीची पंढरी’. हे नाव संघाचं नव्हतं, शहराला दिलेलं होतं. डेट्रॉईट म्हणजे हॉकीटाउन. जाहिरातींत हा शब्द आला, आणि बर्फाच्या मैदानाच्या मधोमध संघाच्या चिन्हावरही तो रंगवला गेला.

लोक खवळले. सगळे नव्हे, पण पुष्कळ. आणि का खवळले हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहायला हवा.

डेट्रॉईटचा संघ सुरू झाला १९२६ मध्ये. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया शहरातल्या ‘कूगर्स’ संघाचे खेळाडू डेट्रॉईटच्या धनिकांनी विकत घेतले आणि संघालाही तेच नाव ठेवलं. गंमत अशी की डेट्रॉईटचं स्वतःचं स्टेडियम, ऑलिंपिया, अजून बांधून व्हायचं होतं. म्हणून पहिल्या हंगामातले ‘घरचे’ सामने नदीपलीकडे विंडसर गावात झाले. विंडसर म्हणजे कॅनडा! हॉकीची पंढरी म्हणवणाऱ्या शहराच्या संघाने आपला पहिला संसार परक्या देशात थाटला होता. पुढे १९३० मध्ये संघाचं नाव ‘फाल्कन्स’ झालं आणि १९३२ मध्ये जेम्स नॉरिस या उद्योगपतीने तो घेतल्यावर ‘रेड विंग्ज’. चिन्ह ठरलं पंख लावलेलं चाक. मोटारींच्या शहराला चाक शोभलंही. पण पंखवाल्या चाकाची ती कल्पनाही नॉरिस यांच्या तरुणपणीच्या मॉन्ट्रियलमधल्या क्लबाकडून आलेली. म्हणजे खेळाडू व्हिक्टोरियाचे, मैदान विंडसरचं, चिन्ह मॉन्ट्रियलचं.

यात कमीपणा काही नाही. कुठलंही गाव असंच घडतं, बाहेरून आलेल्या माणसांनी आणि वस्तूंनी. संघ रुजला. १९३६ ते १९५५ या काळात त्याने सात वेळा स्टॅनले कप जिंकला. सॅस्कॅचेवानच्या गवताळ प्रदेशातून आलेला गॉर्डी हाव डेट्रॉईटचा देव झाला. आणि १९५२ साली एक विलक्षण गोष्ट घडली. तेव्हा कप जिंकायला बाद फेरीतल्या दोन मालिकांत चार-चार, असे एकूण आठ विजय लागत. शहराच्या बाजारात मासळीचं दुकान चालवणाऱ्या पीट आणि जेरी कुसिमानो या भावांना सुचलं की ऑक्टोपसला पाय आठ! त्यांनी १५ एप्रिल १९५२ रोजी चक्क एक ऑक्टोपस बर्फावर भिरकावला. त्या वर्षी संघाने आठच्या आठ सामने जिंकले. तेव्हापासून डेट्रॉईटमध्ये ऑक्टोपस फेकायची चाल पडली, ती आजतागायत. पुढे बाद फेरीतले आवश्यक विजय वाढून सोळा झाले, तरी आठ पायांचा ऑक्टोपस काही सुटला नाही. श्रद्धेला हिशेब जुळावाच लागतो असं नाही.

ऑक्टोपसची गोष्ट मुद्दाम सांगितली. ती कुठल्या जाहिरात संस्थेने शोधलेली नाही. मासळीवाल्यांनी शोधली, लोकांनी उचलली, संघाने ती नंतर आपलीशी केली. ही खालून वर गेलेली गोष्ट. ‘हॉकीटाउन’ वरून खाली आलेला शब्द. हा फरक लक्षात ठेवा.

१९५५ नंतर घसरण सुरू झाली. संघाची आणि शहराचीही, पण दोन्हींची कारणं निराळी. १९५० साली डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. मग मोटारींचे कारखाने शहराबाहेर जाऊ लागले, महामार्ग झाले, गोरी कुटुंबं उपनगरांत सरकली. घरं कोणी कुठे घ्यायची यात काळ्या लोकांवर बंधनं होती, पोलिसांचा जाच होता. १९६७ च्या जुलैत शहर पेटलं, ४३ माणसं मेली. त्यानंतर शहर सोडून जाणाऱ्यांचा वेग आणखी वाढला. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ७ लाख १४ हजारांच्या आसपास उरली होती, आणि तिच्यात काळ्या रहिवाशांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं.

इकडे संघ इतका वाईट खेळत होता की लोक त्याला ‘डेड विंग्ज’ म्हणू लागले होते. १९८२ मध्ये माइक इलिच यांनी तो ८० लाख डॉलरना विकत घेतला. इलिच म्हणजे ‘लिटल सीझर्स’ पिझ्झाचे संस्थापक. सुरुवातीला खुर्च्या भरेनात, म्हणून घरच्या सामन्यांना प्रेक्षकांमधून एकाला मोटार बक्षीस द्यायची युक्ती त्यांनी काढली. म्हणजे हॉकीच्या पंढरीत वारकऱ्यांना बोलवायला मोटारीचं आमिष लागत होतं! हे १९९६ च्या अवघ्या दहा-बारा वर्षं आधीचं.

मग दिवस पालटले. १९८३ मध्ये स्टीव्ह आयझरमन आला, १९९३ मध्ये स्कॉटी बोमन हे नामांकित प्रशिक्षक आले, पाच रशियन खेळाडूंची अद्भुत फळी तयार झाली. १९९५ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला आणि चारही सामने हरला. १९९५-९६ च्या हंगामात त्याने ६२ विजयांचा तेव्हाचा विक्रम केला, आणि अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर कोलोरॅडोकडून मार खाल्ला.

आता तारखा नीट पाहा. ‘हॉकीटाउन’ आला १९९६ मध्ये. शेवटचा कप होता १९५५ चा. म्हणजे ज्या शहराने एकेचाळीस वर्षं करंडक पाहिला नाही, त्याने स्वतःला हॉकीची पंढरी म्हणवलं. टीकाकारांना हसू आलं यात नवल काय?

इथे तत्त्वज्ञानातली एक गोष्ट कामाला येते. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्डला काही व्याख्यानं दिली. त्यांचा मुद्दा साधा होता. आपण बोलतो ती सगळी वाक्यं काही वर्णन करत नाहीत. ‘बाहेर पाऊस आहे’ हे खरं किंवा खोटं ठरवता येतं. पण ‘मी तुला वचन देतो’ हे खरं की खोटं? असा प्रश्नच गैरलागू. ते वाक्य काही सांगत नाही, करतं. बारशाला ‘हिचं नाव अमुक’ म्हटलं की त्या उच्चाराने नाव पडतं. मात्र ऑस्टिन पुढे म्हणतात की असं वाक्य फसूही शकतं. नाव ठेवणाऱ्याला तो अधिकार हवा. रस्त्यावरून जाणाऱ्याने आपल्या बाळाला नाव ठेवलं तर ते पडत नाही.

‘डेट्रॉईट म्हणजे हॉकीटाउन’ हे वाक्य कोणत्या जातीचं? चाहत्यांचा सगळा वाद खरं म्हणजे याच्यावर होता. काहींनी ते वर्णन मानलं आणि पुरावा मागितला. काहींनी ते बारसं मानलं आणि अधिकार विचारला.

पुरावा मागणाऱ्यांची बाजू आधी ऐकू. मॉन्ट्रियलचा चाहता म्हणणार, आमच्या कनेडियन्स संघाचे कप २४. तुमचे १९९६ पर्यंत ७, आज धरले तरी ११. पंढरी कुठली ते मोजून पाहा. यावर डेट्रॉईटकरांचं उत्तर की अमेरिकेतल्या संघांमध्ये आमचेच सर्वाधिक. म्हणजे पंढरी तुमची असेल, पण आमच्या मुलखापुरती आमची. टोरंटोचा चाहता म्हणणार, हॉकीचं ‘हॉल ऑफ फेम’ आमच्या शहरात. पण टोरंटोने १९६७ नंतर कप जिंकलेला नाही, त्यामुळे त्याला फार जोरात बोलता येत नाही.

सगळ्यात अडचणीत टाकणारा युक्तिवाद येतो मिनेसोटा राज्यातून, कॅनडाच्या सीमेवरच्या वॉररोड नावाच्या गावातून. वस्ती दोन हजारांच्या आत. हे गाव स्वतःला ‘हॉकीटाउन यूएसए’ म्हणवतं. अमेरिकेच्या पुरुष संघाने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं १९६० आणि १९८० मध्ये. १९६० च्या संघात वॉररोडचे बिल आणि रॉजर हे ख्रिश्चन बंधू होते, आणि १९८० च्या संघात बिलचा मुलगा डेव्ह. या कुटुंबाने गावात हॉकीच्या काठ्यांचा कारखानाही चालवला. या गावाकडे स्टॅनले कप खेळणारा संघ नाही. पण मुलं शाळा सुटली की बर्फावर असतात.

बघा, आता प्रश्न किती सखोल झाला. एखादं गाव एखाद्या खेळाचं केव्हा म्हणायचं? तिथे करंडक आहेत म्हणून? तिथे प्रेक्षक पैसे मोजतात म्हणून? की तिथली माणसं तो खेळ खेळतात म्हणून? कोल्हापूरला आपण कुस्तीची पंढरी म्हणतो ते तालमींमुळे म्हणतो. पहाटे उठून माती उकरणारी पोरं तिथे आहेत म्हणून. नुसतं कुस्ती बघणारं गाव असतं तर म्हटलं नसतं. मॉन्ट्रियलचा चाहता, डेट्रॉईटचा चाहता आणि वॉररोडचा गावकरी हे एकाच शब्दाचे तीन अर्थ धरून भांडत होते. सॉक्रेटिस असता तर त्याने तिघांनाही थांबवून आधी ‘गावाची व्याख्या करा’ म्हटलं असतं, आणि तिघांनी मिळून त्याला हाकलून दिलं असतं.

आता अधिकार विचारणाऱ्यांची बाजू. ‘हॉकीटाउन’ हा नुसता शब्द नाही, ती नोंदणी केलेली व्यापारमुद्रा आहे आणि तिचा मालक रेड विंग्ज संघ आहे. क्षणभर विचार करा. शहराच्या नावाची मालकी एका खाजगी कंपनीकडे. उद्या कोणी ‘कुस्तीची पंढरी’ हे शब्द नोंदवून घेतले आणि टोप्यांवर छापायला कोल्हापूरकरांना परवानगी घ्यायला लावली, तर काय होईल? बिरुद हे सार्वजनिक विहिरीसारखं असतं. इथे त्या विहिरीला मीटर बसवला होता.

पण तेवढ्यावर निकाल देऊन टाकणं बरोबर होणार नाही, कारण पुढचं घडलं ते टीकाकारांच्या अपेक्षेविरुद्ध. ७ जून १९९७ रोजी रेड विंग्जने फिलाडेल्फियाला चौथ्यांदा हरवून कप जिंकला. बेचाळीस वर्षांनी. लाखो लोक रस्त्यावर आले. पाठोपाठ १९९८, २००२, २००८. आणि तो विकत आणलेला शब्द लोकांनी खरोखर उचलला. ज्या शहराबद्दल उरलेल्या देशात फक्त जळकी घरं आणि बंद कारखाने यांच्याच बातम्या जात, त्याला स्वतःबद्दल सांगायला एक चांगलं नाव मिळालं. बारसं करणाऱ्याला अधिकार नव्हता हे कबूल. पण बाळाने हाकेला ओ दिली. मग नाव पडलं की नाही? ऑस्टिनच्या चौकटीत याचं उत्तर सहज मिळत नाही. आमच्या मते इथे अधिकार मागून आला. लोकांनी तो दिला, आणि दिला म्हणूनच त्यांना तो काढून घेण्याचाही हक्क राहिला.

तो हक्क लोकांनी वापरलाही. २००७ च्या सुमारास मिशिगनचा मोटार उद्योग डबघाईला आला होता. आपल्या श्रोत्यांत तिकडे या उद्योगात काम केलेली मराठी मंडळी असतील, त्यांना ते दिवस सांगायला नकोत. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन्ही कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. त्या काळात बाद फेरीच्या सामन्यांनाही स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या आणि लगेच विचारणा सुरू झाली: हॉकीची पंढरी, मग वारकरी कुठे? खुर्च्या रिकाम्या होत्या त्या प्रेम आटलं म्हणून, की पगार थांबला म्हणून, हे विचारण्याची तसदी सगळ्यांनी घेतली नाही. नोकरी गेलेल्या माणसाची भक्ती तिकिटाने मोजणं हा घोषवाक्याचा एक क्रूर परिणाम.

आणि मुळात डेट्रॉईट म्हणजे कोण? संघ तेव्हा खेळत होता ‘जो लुईस अरीना’त. जो लुईस हा डेट्रॉईटमध्ये वाढलेला काळा मुष्टियोद्धा, जगज्जेता. अरीनाला नाव त्याचं, भोवती शहर काळ्या बहुसंख्येचं, आणि आतला प्रेक्षक मोठ्या प्रमाणात उपनगरांतून गाडी करून येणारा, सामना संपला की महामार्गाने परत जाणारा. ‘हॉकीटाउन’मधलं टाउन कुठलं? ज्यात सामना होतो ते, की ज्यातून प्रेक्षक येतात ते?

१८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉईट महापालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतल्या शहराची तोपर्यंतची ती सर्वात मोठी दिवाळखोरी. त्याच महिन्यात संघाच्या नव्या स्टेडियमच्या योजनेला राज्याच्या पातळीवर मंजुरी मिळाली. हे स्टेडियम, ‘लिटल सीझर्स अरीना’, २०१७ मध्ये उघडलं. खर्च सुमारे ८६ कोटी डॉलर, त्यात एक तृतीयांशाहून अधिक पैसा सार्वजनिक. भोवती घरं, दुकानं, वस्त्या उभ्या राहतील असं सांगितलं गेलं होतं. स्टेडियम उभं राहिलं. सांगितलेल्यापैकी बरंच काही वर्षानुवर्षं झालं नाही, गाड्या लावायच्या जागा मात्र झाल्या. समर्थक म्हणतात, ओसाड भागात काही तरी आलं, हे थोडं नव्हे. म्हणोत. पण ज्या नावाने शहराकडून पैसे मागितले जातात, ते नाव त्या शहराचं आहे का, हा प्रश्न आता चेष्टेचा राहत नाही. सलग २५ हंगाम बाद फेरी गाठणाऱ्या संघाची ती मालिकाही नेमकी २०१७ मध्येच तुटली.

आता थोडा वेळ डेट्रॉईट सोडू आणि पश्चिमेला जाऊ. व्हँकुव्हर. तिथल्या संघाचं नाव ‘कनक्स’. २०११ च्या आसपास त्यांचं घोषवाक्य होतं, ‘वी आर ऑल कनक्स’. मराठीत कसं म्हणाल? इथे आपली भाषा इंग्रजीच्या पुढे जाते. इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत दोन: ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ऐकणाऱ्यालाही धरलं तर आपण, त्याला वगळलं तर आम्ही. घोषवाक्य म्हणतं, ‘आपण सगळे कनक्स’. खेळाडू, मालक, तिकीट काढलेला आणि घरी दूरदर्शन संचासमोर बसलेला, सगळे.

१५ जून २०११ रोजी अंतिम मालिकेचा सातवा सामना कनक्स बोस्टनकडून घरच्या मैदानावर हरले. शहराच्या मध्यभागी मोठ्या पडद्यांवर सामना पाहायला दीड लाखाच्या आसपास लोक जमले होते. दंगल झाली. गाड्या जाळल्या, दुकानं लुटली. १९९४ मध्येही अंतिम सामना हरल्यावर याच शहरात असंच घडलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळीकडून एकच सूर निघाला: हे खरे चाहते नव्हेत.

आदल्या संध्याकाळपर्यंत ‘आपण सगळे’, आणि सकाळी ‘ते आमचे नव्हेत’! अँटनी फ्ल्यू या ब्रिटिश तत्त्वज्ञाने या प्रकारच्या युक्तिवादावर बोट ठेवलं होतं. ‘कोणताही स्कॉट माणूस असं करणार नाही’ असं म्हणायचं, आणि एखाद्याने केलंच तर ‘तो खरा स्कॉट नव्हे’ म्हणून मोकळं व्हायचं. त्या दंगलीत जर्सी घातलेली पोरं होती हे छायाचित्रांत सर्वांनी पाहिलं. घोषवाक्याचं ‘आपण’ जबाबदारीची वेळ येताच ‘आम्ही’ झालं.

पण त्याच सकाळी आणखी एक गोष्ट घडली. शेकडो लोक झाडू, हातमोजे घेऊन आपणहून रस्ते साफ करायला आले. फुटलेल्या काचांच्या जागी लावलेल्या प्लायवूडच्या फळ्यांवर लोकांनी माफीचे आणि मायेचे शब्द लिहिले. दंगल त्यांनी केली नव्हती. तरीही माफी त्यांनी मागितली. आमच्या मते त्या घोषवाक्याचा अर्थ कोणी खरा केला असेल तर तो या माणसांनी. ‘आपण सगळे’ म्हणायचं तर विजयाच्या मिरवणुकीसारखा काचांचा कचराही आपला.

तिसरं उदाहरण शिकागोचं, आणि ते सांगताना हसण्यासारखं काही नाही. २००७ मध्ये ब्लॅकहॉक्स संघ नव्या पिढीच्या हाती आला. जुन्या मालकांच्या कारकिर्दीत घरचे सामने स्थानिक दूरचित्रवाणीवर दाखवतही नसत, चाहते दुरावले होते. नव्या कारभाराने घोषवाक्य आणलं ‘वन गोल’. एकच लक्ष्य. गोल शब्दावर श्लेषही साधला. २०१० मध्ये संघाने १९६१ नंतरचा पहिला कप जिंकला. ब्रीद पुरं झालं म्हणून सगळे खूश.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एका स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. २०१० च्या बाद फेरीदरम्यान संघाच्या एका तरुण खेळाडूवर संघातल्याच व्हिडिओ प्रशिक्षकाने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार वरिष्ठांपर्यंत पोचली होती. वरिष्ठांची बैठक झाली. आणि कप जिंकून होईपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे, काहीही केलं गेलं नाही. पुढे संघाला २० लाख डॉलर दंड झाला, सरव्यवस्थापकाला जावं लागलं. ‘एकच लक्ष्य’ हे शब्द आता परत वाचा. जाहिरात लिहिणाऱ्याच्या मनात हे नव्हतं, हे उघड आहे. पण लक्ष्य एकच ठेवलं की बाकी सगळं, एका मुलाचं आयुष्यसुद्धा, थांबून राहू शकतं, हे त्या शब्दांतच होतं. ब्रीद घेताना काय घेतो आहोत हे तपासावं लागतं ते यासाठी.

मग सगळी घोषवाक्यं खोटीच का? असं आम्हाला वाटत नाही. पुन्हा डेट्रॉईटला येऊ. १९९७ चा कप जिंकल्यावर सहाच दिवसांनी, १३ जूनला, खेळाडूंना घेऊन जाणाऱ्या लिमोझिनला अपघात झाला. रशियन फळीतला व्लादिमिर कॉन्स्टांटिनोव आणि संघाचे मालिशतज्ज्ञ सर्गेई म्नात्साकानोव यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. कॉन्स्टांटिनोव पुन्हा कधी खेळला नाही. पुढचा सबंध हंगाम संघाच्या जर्सीवर एक छोटी पट्टी होती. तिच्यावर दोघांची आद्याक्षरं आणि एकच शब्द, इंग्रजीत आणि रशियनमध्ये. इंग्रजीत ‘बिलीव्ह’. रशियनमध्ये ‘वेरिम’, म्हणजे ‘आम्ही विश्वास ठेवतो’. रशियन क्रियापदाच्या रूपातच ‘आम्ही’ आहे. शीतयुद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती, आणि मोटार कामगारांच्या शहरातला संघ छातीवर रशियन शब्द घेऊन खेळत होता. १६ जून १९९८ रोजी संघाने पुन्हा कप जिंकला तेव्हा कॉन्स्टांटिनोवला चाकाच्या खुर्चीतून बर्फावर आणलं आणि करंडक त्याच्या मांडीवर ठेवला.

या शब्दावर वाद झाला नाही. का झाला नाही? त्याचीही प्रतिकृती करून विकता आली असती, शब्द तर ‘हॉकीटाउन’पेक्षाही साधा. आमचं उत्तर असं. ‘हॉकीटाउन’ने एक दावा केला आणि मान मागितला. ‘वेरिम’ने काही मागितलं नाही, त्याने बोलणाऱ्यांना बांधून घेतलं. ते बिरुद नव्हतं, ब्रीद होतं. आणि ते पाळलं गेलं.

शेवटी एवढंच सांगायचं आहे. घोषवाक्यावरून भांडणारे चाहते रिकामटेकडे आहेत असं समजू नये. ‘पंढरी कोणाची’ असं विचारणारा वॉररोडचा गावकरी, ‘टाउन म्हणजे कुठलं’ असं विचारणारा डेट्रॉईटचा करदाता, ‘आपण म्हणजे कोण’ असं आपल्या झाडूने विचारणारी व्हँकुव्हरची माणसं, ही सगळी एकच नागरी जबाबदारी पार पाडत असतात. कोणी आपल्या वतीने ‘आपण’ म्हणायला लागला की त्याच्याकडे हिशेब मागणं. खेळात ही सवय लागली तर ती इतरत्रही उपयोगी पडते. घोषवाक्यं काय फक्त हॉकीचे संघच करतात थोडेच?

इथे थांबू. वेळ आहे, प्रश्न असतील तर जरूर विचारा.